हलके तंबू-पेग: सह्याद्री आणि स्पितीसाठी कुठले घ्यावेत?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मैत्रीण आणि मी रतनगड ते हरिश्चंद्रगड पट्ट्यात पाठीवर सगळं सामान घेऊन तीन-चार मुक्काम करणार आहोत. पुढच्या जूनमध्ये स्पितीला जायचंय. तंबू नवा आहे: दोन माणसांचा, ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा, सव्वा किलोच्या आतला. त्याच्यासोबत आलेले पेग मात्र लोखंडी सळईचे, टोकाशी वाकवलेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक २० ग्रॅम भरला, म्हणजे आठांचे १६० ग्रॅम.

शोधाशोध केल्यावर तीन प्रकार समोर आले. टायटॅनियमचे बारीक हुक, एकेक जेमतेम ६ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमचे तीन पात्यांचे, ज्यांना सगळे वाय पेग म्हणतात. त्यात लांब १४ ग्रॅमच्या आसपास आणि आखूड १० ग्रॅमचे. तिसरे कार्बन फायबरचे, ते हातात घेऊन पाहिलेले नाहीत. खर्च एकदाच करायचा आहे, म्हणून ज्यांनी वापरलेत त्यांनी सांगावं. हा तंबू डोमसारखा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. पेग सुटला की तंबू बसला, ही धास्ती आहे.

वाफाळता

टायटॅनियमचे हुक घ्या. आठांचे ४८ ग्रॅम होतात, खिशात मावतात, गंजत नाहीत. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय. वाकले तर हातानं सरळ होतात.

घाटमाथा

वाफाळता, तुमचा तंबू डोम आहे का? असेल तर तुमचं म्हणणं पटतं. डोममध्ये आत झोपलेल्या माणसांचं वजन आणि पोलची कमान बरंच काम करतात, पेग फक्त वरचं कापड ताणून धरतात. काठ्यांवरच्या तंबूत सगळा भार पेगवर येतो. म्हणून पाऊलवाट ताईंसाठी उत्तर वेगळं आहे.

ताई, आधी जमीन बघा, काटा नंतर. तुमचा पट्टा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. पठारावर गवत दिसतं म्हणून आपण तिथे तंबू लावायला जातो, पण त्या गवताखाली माती कुठे चार बोटं, कुठे वीतभर, आणि पुढे सलग कातळ. २० सेंटिमीटरचा पेग तिथे पूर्ण बसतच नाही. थोडं खाली उतरून गावाच्या अंगाला आलात की मुरूम लागतो. तो दिवाळीच्या सुमारास ओलसर असतो, पेग घेतो. फेब्रुवारीनंतर त्याच जागी दगडानं ठोकूनही पेग आत जाईना अशी गत होते. आणखी खाली कापणी झालेली भातखाचरं, तिथली माती मऊ. पेग सहज जातो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. एका भटकंतीत या तिन्ही जमिनी भेटतात, म्हणून एकाच जातीचे आठ पेग घेणं मला पटत नाही.

पेग कशानं धरतो? त्याच्या अंगाला टेकलेल्या मातीनं. जितका खोल आणि जितकं अंग रुंद, तितकी जास्त माती हलवल्याशिवाय तो सुटत नाही. मऊ मातीत बारीक हुक सुरीसारखा माती कापत पुढे सरकतो. शिवाय गोल असल्यामुळे वाऱ्याच्या हिसक्यांनी तो भोकात फिरतो, हुकाचं तोंड तंबूकडे वळतं आणि तणाव्याचा, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोरीचा, फासा निसटतो. तीन पात्यांचा पेग फिरत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याची किंमत ८ ग्रॅम आहे, आणि कोपऱ्यांवर ती द्यावी असं माझं ठाम मत आहे.

आता हिशेब. लोखंडी आठ १६० ग्रॅम, लांब वाय आठ ११२, हुक आठ ४८. म्हणजे सगळा वाद जास्तीत जास्त ११२ ग्रॅमचा. डिसेंबरनंतर घाटमाथ्यावर माणशी तीन लिटर पाणी उचलावं लागतं, ते तीन किलो. वजन कमी करायला पाठपिशवीत याहून चांगल्या जागा आहेत.

माझा संच असा असता: चार कोपरे आणि दोन टोकांचे मुख्य तणावे यांना सहा लांब वाय, बाजूंच्या ओढीला दोन हुक. ९६ ग्रॅम. आणि २ मिलिमीटर जाडीची दहा मीटर दोरी, ती अजिबात सोडू नका. कातळावर पेगपेक्षा तीच उपयोगी पडते.

कारवी

घाटमाथा काकांशी सहमत. धातूंबद्दल थोडी भर घालते, कारण टायटॅनियम म्हणजे सगळ्यात मजबूत असा समज पसरलाय.

ताठपणा मोजला तर पोलाद साधारण २०० गिगापास्कल, टायटॅनियम ११०, अ‍ॅल्युमिनियम ७०. घनता, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये, अनुक्रमे सुमारे ७.८५, ४.५ आणि २.८. म्हणजे टायटॅनियम पोलादापेक्षा खूप हलकं आहे, पण तितकं ताठ नाही. त्यात हुक ३ मिलिमीटरच्या तारेचे. गोल सळईचा वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो. ४ मिलिमीटरची लोखंडी सळई ३ मिलिमीटरच्या टायटॅनियमच्या तारेपेक्षा सहापट ताठ निघते ती यामुळे. धातूमुळे दुपटीला थोडं कमी, जाडीमुळे तिपटीहून जरा जास्त.

वाय पेगात धातू मधल्या रेघेपासून लांब, पात्यांत पसरवलेला असतो. म्हणून कमी ताठ अ‍ॅल्युमिनियम असूनही तो सहज वाकत नाही. फक्त मिश्रधातू बघून घ्या. चांगल्या पेगांवर ७०७५ किंवा ७००० मालिका असं लिहिलेलं असतं. एमएसआर कंपनीचे ग्राउंडहॉग पेग त्यातलेच, लांब साधारण १९ सेंटिमीटर आणि मिनी १५. तसेच दिसणारे स्वस्त पेग बाजारात भरपूर आहेत, त्यातले काही मऊ अ‍ॅल्युमिनियमचे असतात. मुरमात दोन-तीनदा ठोकले की त्यांचं टोक मुडपतं आणि वरची खाच चेपते.

वाकलेला टायटॅनियमचा हुक सरळ करता येतो हे वाफाळतांचं म्हणणं बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पेग वारंवार सरळ करू नका, तो एक दिवस तडकतो. कार्बन फायबर आपल्याकडे नकोच. हातानं दाबून आत जाणाऱ्या मातीत ठीक, पण दगडानं ठोकला की नळी उभी चिरते आणि त्याचे तंतू बोटांत घुसतात.

नवखा भटक्या

पेग ४५ अंशांत तिरका ठोकावा असं सगळीकडे लिहिलंय. ते बरोबर आहे का? आणि तिरका कुठल्या बाजूला?

कारवी

डोकं तंबूपासून लांब, टोक तंबूच्या दिशेला. तणावा आणि पेग यांच्यात साधारण काटकोन यावा. पण ४५ अंश मला जास्त वाटतात. २० सेंटिमीटरचा पेग ४५ अंशांत कलला की खोली उरते १४ सेंटिमीटर, आणि आपल्याकडे मुळातच माती कमी. उभ्यापासून वीसेक अंश कलवा, खोली जवळपास १९ मिळते.

कोनापेक्षा तणाव्याच्या लांबीकडे लक्ष द्या. समजा तणावा तंबूला एक मीटर उंचीवर बांधलाय. पेग एक मीटर अंतरावर ठोकला तर तंबूला जितका आडवा आधार मिळतो तितकीच वरची ओढ पेगवर येते. पेग दोन मीटरवर नेला तर त्याच आडव्या आधारासाठी वरची ओढ निम्मी होते. पेग उपटला जातो तो या वरच्या ओढीनं. दोरी लांब ठेवण्याचं वजन जवळपास शून्य आहे, आणि त्यानं पेगची पकड वाढते ती कुठलाही महागडा धातू वाढवणार नाही इतकी.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो हेही ध्यानात असू द्या. ताशी २० किलोमीटरला छान उभा असलेला तंबू ४० ला चौपट ओढतो. संध्याकाळी वारा पडलेला असला तरी सगळे तणावे लावूनच झोपा.

घाटमाथा

यात एक जोडतो. मुरमात पेग बरेचदा अर्ध्यावर अडतो. तेव्हा दोरी डोक्याच्या खाचेत ठेवू नका, क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, मारून ती पेगवर खाली, जमिनीलगत सरकवा. वर बांधली तर पेग तरफेसारखा वागतो आणि वाकतो किंवा भोक मोठं करतो. फार ठोकत बसू नका, चार बोटं बाजूला सरकून पुन्हा पाहा. खाली दगड असला तर हातालाच कळतं, आवाज आणि धक्का दोन्ही बदलतात.

पाऊलवाट

किती छान माहिती! आता मुख्य शंका. चार बोटंच माती असलेल्या जागी, किंवा निव्वळ कातळावर काय करायचं? दगड ठेवायचे हे माहीत आहे, पण दोरी दगडाला नुसती गुंडाळली तर ती सरकते.

घाटमाथा

दोन दगडांची पद्धत वापरा. दोरीच्या टोकाला मोठा फासा करा, त्यात नारळाएवढा दगड किंवा जाड काटकी अडकवा. हा झाला लहान नांगर. आता दोरी तंबूकडे ताणा आणि त्या दोरीवर, लहान दगडाच्या तंबूकडच्या अंगाला, दोन हातांनी जेमतेम उचलेल असा मोठा दगड ठेवा. वाऱ्यानं दोरी ओढली की लहान दगड मोठ्याच्या बुडाशी येऊन रुततो. मोठा दगड वर उचलला जात नाही, कारण ओढ त्याच्या तळाशी असते. नुसता मोठा दगड बांधण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी पक्की. दोरी जिथे धारेवर घासेल तिथे जुन्या मोज्याचा तुकडा किंवा गवताची जुडी घाला. बेसाल्टची कड २ मिलिमीटरची दोरी रात्रीत कापते.

कोकणकड्याच्या जवळपास तर याला पर्याय नाही. तिथे वारा दरीतून वर उसळतो, त्यामुळे कापडाला खालून उचल बसते. खरं तर कड्यालगत तंबू लावूच नका, आत सरकून उंचवट्याच्या आडोशाला जागा घ्या. शिवाय तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्काम कुठे चालतो, कुठे नाही, हे पाचनई किंवा खिरेश्वरला आधी विचारून घ्या.

आणि एक हात जोडून विनंती, ही सगळ्यांनाच. गडावर दगड शोधताना तटबंदीचे, जोत्याचे, टाक्याच्या काठाचे दगड उचलू नका. चिऱ्यांच्या सांध्यात पेग ठोकू नका. राजगड, लोहगड, साल्हेर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, पण यादीत नसलेल्या गडाचा चिराही तितकाच जुना आहे. एकदा ढिला झालेला चिरा पुढच्या पावसात खाली जातो. ओढ्यातले, उतारावरचे सुटे दगड घ्या आणि सकाळी होते तिथे परत ठेवा.

दर्याकाठी

कोकणातल्या पुळणीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. कोरड्या वाळूत कुठलाही बारीक पेग निरुपयोगी. रुंद, पन्हाळीसारखे वाळूचे पेग मिळतात, पण ते जड आणि फक्त तिथेच कामाचे. त्याऐवजी आडवा पुरायचा नांगर करा: नारळाच्या झावळीचा देठाकडचा जाड तुकडा घ्या, मधोमध दोरी बांधा, हातभर खोल खड्ड्यात तणाव्याला आडवा ठेवा, वर वाळू भरून पायानं घट्ट दाबा. पाणी ओतलं तर आणखी पक्का. तुकडा नसेल तर पिशवीत वाळू भरून तीच पुरा. पिशवी मात्र सकाळी आठवणीनं काढून न्या.

जागा भरतीच्या रेघेच्या वर घेतो आपण, आणि नेमक्या तिथेच ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर थंडीपासून पुढचे काही महिने हा हंगाम असतो. त्या काळात पुळणीवर खणू नका, ठोकू नका. गावात विचारा, माडाच्या वाडीत जागा देतात आणि तिथली माती पेगही धरते.

सिएटलकर

इकडचा अनुभव उलटा आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिमेकडच्या जंगलात जमिनीवर कुजलेल्या पाल्याचा आणि सूचिपर्णी काड्यांचा जाड थर असतो. पेग लोण्यात गेल्यासारखा जातो, धरत काहीच नाही. तिथे लांबीच कामी येते. आखूड मिनी पेग त्या थरातच संपतो, खालच्या मातीपर्यंत पोचत नाही. सेंट हेलेन्सच्या बाजूला १९८० च्या उद्रेकातला प्युमिस पसरलाय, तो वाळूसारखाच वागतो. आणि कॅलिफोर्नियातल्या सिएरामध्ये ग्रॅनाइटच्या सलग फरशा, तिथे काकांची दोन दगडांची पद्धत जशीच्या तशी चालते.

मऊ जमिनीसाठी एक युक्ती: एकाच तणाव्याला दोन पेग, एकामागे एक हातभर अंतरावर, पुढच्याचं डोकं मागच्याच्या बुडाशी दोरीनं जोडलेलं. पुढचा कलायला लागला की मागचा त्याला धरतो. दोन हुकांचे १२ ग्रॅम होतात, एका वाय पेगाहून कमी.

वाफाळता

घाटमाथा, माझा तंबू डोमच आहे, तेव्हा कोपऱ्यांचा मुद्दा मान्य. पण हुकांची एक बाजू राहतेय. दगडमिश्रित मुरमात वाय पेगच्या तीन पात्यांना रुंद फट लागते, ती मिळत नाही. बारीक हुक दोन खड्यांमधून वाट काढत पूर्ण आत जातो, आणि पूर्ण आत गेलेला हुक अर्ध्यावर अडकलेल्या वाय पेगापेक्षा चांगला धरतो. म्हणून दोन हुक पुरे नाहीत, चार तरी हवेत. आणि ते ठोकताना हुकाच्या वाकावर मारू नका, सरळ अंगाच्या रेषेत मारा.

घाटमाथा

हे मान्य. मग माझा आकडा बदलतो: चार लांब वाय, चार हुक. ५६ आणि २४, एकूण ८० ग्रॅम. जमिनीप्रमाणे जागा अदलाबदल करायच्या.

हिमरेघ

स्पितीबद्दल. नदीकाठचे सपाट भाग बघायला मोहक, पण खाली गोटे आणि सुटी खडी. दुपारनंतर दरीत वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. तंबू लावताना एकानं आत बसून कापड दाबून धरावं, दुसऱ्यानं आधी वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे बांधावेत, मगच काठ्या उभ्या कराव्यात. काठ्या आधी उभ्या केल्या तर कापड पतंगासारखं जातं. खडीत पेगला माती दाबून धरत नाही, म्हणून पेग ठोकल्यावर डोक्यावर दगड ठेवा, तोही असा की दोरीच्या ओढीच्या विरुद्ध टेकेल. चंद्रतालला जाणार असाल तर तळ्याच्या काठावर तंबूला मनाई आहे, छावण्यांची जागा अलीकडे आहे.

जूनमध्ये खिंडींजवळ बर्फ असतो. त्यात साधा पेग उभा ठोकून उपयोग नाही, दिवसा उन्हानं धातू तापतो आणि पेग सुटतो. पेगला मधोमध दोरी बांधून तो आडवा पुरा, वर बर्फ तुडवा, दहा-पंधरा मिनिटं गोठू द्या. सकाळी तो इतका घट्ट बसलेला असतो की ओढून निघत नाही. म्हणून दोरी पेगभोवती नुसती वळसा घालून दोन्ही टोकं वर आणून बांधा, म्हणजे गाठ वरची वर सुटते आणि दोरी तरी हाती लागते.

उत्तराखंडातल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंदी घातली, हेही पुढच्या बेतासाठी ध्यानात ठेवा. त्या गवताची मुळं वर्षातले थोडेच महिने वाढतात, तंबूंच्या जागा वर्षानुवर्षं उघड्या राहतात.

लोहारनेट

खर्च वाचवायचा असेल त्यांच्यासाठी: सहा इंची खिळा आणि एक वायसर. खिळ्याचं वजन साधारण ३० ग्रॅम, म्हणजे हलका नाही, पण उन्हाळ्यातल्या मुरमात तो जातो तिथे बाकी सगळे हात टेकतात. सगळे आठ नकोत, दोन ठेवा; आधी खिळ्यानं भोक पाडायचं, मग त्यात आपला हलका पेग सरकवायचा. गावाजवळ मुक्काम असेल तर बांबूच्या वीत-दीड वीत खुंट्या कोयत्यानं पाच मिनिटांत होतात. मऊ मातीत त्या रुंद असल्यानं छान धरतात, आणि राहिल्या तर कुजून जातात.

खाचरवाडी

आमची शेतं तुमच्या वाटेवरच आहेत, म्हणून सांगतो. कापणीनंतर खाचरात तंबू लावायला कोणी नाही म्हणत नाही, विचारून लावा एवढंच. पण सकाळी पेग मोजून उचला. मातीत राहिलेली मेख दिसत नाही, जूनमध्ये चिखलणी करताना बैलाच्या खुरात जाते. आता बऱ्याच जणांकडे पॉवर टिलर आहे, त्याची पाती मोडतात. आणि आमची माणसं अनवाणी लावणी करतात. करड्या रंगाचे बारीक हुक सगळ्यात वाईट, गवतात आणि मातीत एकजीव होतात. त्यांना लाल किंवा नारिंगी दोरीचा तुकडा बांधा.

पाऊलवाट

खाचरवाडी दादा, आवर्जून लिहिलंत, आभार. सगळ्या हुकांना नारिंगी दोरी बांधतेय आणि पिशवीवरच आकडा लिहून ठेवतेय, म्हणजे आवरताना मोजणी होईल.

ठरलं असं: चार लांब वाय, चार हुक, एक खिळा भोक पाडायला, दहा मीटर दोरी. मुख्य तणावे दोन मीटरपर्यंत लांबवतेय. स्पितीला चंदिगडपर्यंत विमानानं जायचंय. पेग सोबतच्या बॅगेत चालतात का?

हिमरेघ

नाही, टोकदार म्हणून तपासणीत अडवतात. मोठ्या बॅगेत, चेक-इनला द्या, काठ्याही तिकडेच. टोकांना जाड पुठ्ठा गुंडाळून पेग वेगळ्या पिशवीत ठेवा, तंबूच्या कापडात गुंडाळू नका, सामान आदळलं की कापडाला भोक पडतं. आणि खिळा घरी ठेवला तरी चालेल, स्पितीतल्या काझात हार्डवेअरच्या दुकानात मिळेल.